मदत हवी आहे: सेट टॉप बॉक्समधलं आप्पांच्या भजनाचं रेकॉर्डिंग बाहेर कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं कुठं अडलंय ते कळणार नाही.

मी बेळगावात टिळकवाडीला असते, माहेर खानापूर तालुक्यात. माहेरी दादानं २०१२ ला डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतला होता, आत ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे आणि रिमोटचं लाल बटण दाबलं की चालू कार्यक्रम त्यात रेकॉर्ड होतो. २०१४ ला आषाढीच्या आठवड्यात आमच्या गावचं भजनी मंडळ सह्याद्रीवर आलं होतं, पखवाजावर आमचे आप्पा. वहिनीनं आठवणीनं ते रेकॉर्ड केलं, साधारण ५० मिनिटांचं आहे. आप्पा २०२० ला गेले. फोटो भरपूर आहेत हो घरात, पण हलते-बोलते आप्पा म्हणाल तर एवढ्या एकाच ठिकाणी. सुरुवातीलाच एक जागा आहे, बुवा अजून गळा साफ करायलेत आणि आप्पा मान खाली घालून डाव्या पुडीवरची कणीक बोटानं दाबून बसवायलेत, जरा पाणी लावतात, एक थाप मारून कान देतात, परत जरा कणीक. कॅमेरा तिथंच थांबलाय दहा-बारा सेकंद. आई दर एकादशीला तेवढं लावून बघते.

आता अडचण अशी की बॉक्सनं मान टाकायला सुरुवात केलीय. चालू व्हायला दोन-तीनदा प्लग काढून लावावा लागतो, आतून टक टक आवाज येतो, मधेच चित्र अडकतं. तक्रार केली तर म्हणे नवीन बॉक्स देतो, जुना जमा करायचा. मग रेकॉर्डिंगचं काय, तर टेक्निशियन बिचारा चांगला माणूस, पण दोन्ही हात हलवून म्हणाला 'आगल्ला अक्का', कॉपी होत नाही. शुक्रवारी तो बॉक्स न्यायला येणार आहे.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते म्हणजे तेच परत सुचवायला नको.

पेनड्राइव्ह लावून बघितला, रेकॉर्डिंग पाठवायचा ऑप्शनच नाही. मग भाच्यानं बॉक्स उघडून डिस्क काढली आणि केबलनं लॅपटॉपला जोडली, तर विंडोजनं विचारलं ही डिस्क फॉरमॅट करायची का. त्याचं बोट माऊसवरच होतं, मी ओरडले म्हणून थांबला. कुणी असं करत असाल तर तिथं चुकूनही हो म्हणू नका, सगळं जाईल. डिस्क परत बसवली, देवाच्या दयेनं चालली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की या बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये आणि कार्डात, त्यामुळं डिस्क दुसरीकडं लावून उपयोग नाही. सह्याद्री तर फुकट दिसणारं चॅनेल, तरी बॉक्स त्यालाही कुलूप घालतो. मागं एकदा रिचार्ज संपला होता तेव्हा आमचंच रेकॉर्डिंग आम्हाला लागत नव्हतं, म्हणून दादाला सांगितलंय शुक्रवारपर्यंत रिचार्ज संपू द्यायचा नाही.

मोबाईलनं टीव्हीसमोर शूटिंगपण केलं. चित्रावर पट्टे येतात, आणि आवाजात पखवाजाचा घुमारा पार जातो, डब्यावर बडवल्यासारखं वाटतं. ते नको आहे मला.

बॉक्सला मागं एचडीएमआय आहे आणि पिवळी-लाल-पांढरी पिनपण आहे. यातनं लॅपटॉपवर घेता येतं का? कुठलं यंत्र लागतं, आणि बेळगावात मिळेल का की ऑनलाईनच मागवू? यूट्यूबवर वगैरे टाकायचं नाहीय, आईसाठी आणि आम्हा भावंडांसाठी हवंय. लवकर सांगा कृपया.

अपडेट, मंगळवार

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार. कॅप्चर कार्ड, म्हणजे बॉक्समधनं येणारं चित्र-आवाज लॅपटॉपवर उतरवून घेणारं यंत्र, खडे बाजारातच एका दुकानात मिळालं. आधी भाच्याच्या मित्राचं एचडीएमआयवालं लावून बघितलं होतं, त्यात मेनूसकट सगळं काळंच दिसत होतं, कारण एचडीएमआयला कॉपी अडवायची सोय असते हे इथंच एका दादांनी सांगितलं. पिवळ्या पिनवर तसं काही आड आलं नाही. चित्र एचडी मिळत नाही, ७२० बाय ५७६ एवढंच, पण आप्पा दिसतात.

पहिल्यांदा चित्र काळं-पांढरं आणि वरखाली पळत होतं, जीवच गेला माझा. सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी ही अमेरिकेकडची टीव्ही सिग्नलची पद्धत निवडलेली होती, आपल्याकडं पाल (PAL) नावाची पद्धत लागते, ते बदलल्यावर लगेच रंग आला, आप्पांचं भगवं उपरणं दिसलं आणि आई स्वयंपाकघरातनं उठून आली. माझ्यासारखं कुणी अडकलं तर आधी हे बघा.

अजून दोन गोष्टी, पुढच्यांना उपयोगी पडतील. ५० मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्यायला ५० मिनिटंच लागतात, फाईल कॉपी केल्यासारखं पटकन होत नाही, बॉक्सवर चालू करून शेवटपर्यंत बसून राहायचं. आणि खानापूरकडं पावसात लाईटचा भरवसा नाही, पहिल्या प्रयत्नात ३१ व्या मिनिटाला लाईट गेली, मग बॉक्स इन्व्हर्टरवर घेतला. टेबल फॅनपण लावून ठेवला शेजारी, गरम कमी झाल्यावर टक टक जरा कमी आलं असं मला वाटतं.

अपडेट, बुधवार रात्र

सगळं उतरलं. जवळजवळ ३ जीबीची फाईल झालीय, लॅपटॉपवर एक आणि दादाच्या हार्ड डिस्कवर एक अशा दोन कॉपी केल्या.

पण एक नवीनच अडचण. सुरुवातीला आवाज चित्राबरोबर आहे, नंतर हळूहळू मागं पडत जातो आणि शेवटच्या गजरात तर थाप आधी दिसते, आवाज नंतर येतो, जवळजवळ एक सेकंदाचा फरक. दुसरं काही असतं तर चाललं असतं हो, पण हा पखवाज आहे, हात पडला आणि बोल नंतर आला की बघवत नाही. व्हीएलसीमध्ये आवाज पुढं-मागं करून बघितला, शेवट जुळवला तर सुरुवात बिघडते कारण फरक सगळीकडं सारखा नाहीय.

भाचा म्हणतो पूर्ण आवाज ५० मिनिटांत एक सेकंद एवढाच आकसवून बसवायचा, कानाला कळणार नाही. मला भीती वाटते सूर चढेल म्हणून, पेटी काळी एकला लावलीय त्यांनी. असं कुणी केलंय का, सूर हलतो का? की कार्डाची सेटिंग बदलून परत पहिल्यापासनं घेऊ? एका ताईंनी लिहिलंय की आवाज ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे ती सेटिंग) ठेवा, माझ्याकडं ४४.१ होता, त्यानं एवढा फरक पडत असेल का?

उद्याचा गुरुवार आहे हातात. बॉक्स अजून चालतोय, पण दिवसातनं दोनदाच लावायचा असं ठरवलंय, जास्त ताण नको म्हणून. टेक्निशियनलापण फोन केला, सोमवारी या म्हटलं, हो म्हणालाय पण नक्की नाही. तेव्हा ज्यांना माहीत आहे त्यांनी आज रात्रीच सांगितलं तर बरं होईल, मी जागीच आहे.