६० दिवसांची मुदत असूनही राष्ट्राध्यक्षांचं युद्ध थांबत का नाही?

जिज्ञासू:
१९७३च्या वॉर पॉवर्स ठरावानुसार (नावाला ठराव, पण हा कायदाच) अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, लेखी कळवायचं. परवानगी मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबायचं, माघारीसाठी फार तर आणखी ३०. मग २०११मध्ये लिबियातली कारवाई सात महिने कशी चालली? आणि पत्रकारांच्या हाती यातलं काय लागतं?

औदुंबर:
मेख या लेखी अहवालाच्या शब्दांत आहे. ६० दिवस मोजले जातात ते ‘लढाई सुरू आहे किंवा लगेच होणार आहे’ असं सांगणाऱ्या पोटकलमाखालच्या अहवालापासून. १९७५मध्ये कंबोडियानं पकडलेल्या मायाग्वेझ या अमेरिकी मालवाहू जहाजाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्या पोटकलमाचा स्पष्ट उल्लेख केला. एरवी ‘ठरावाशी सुसंगत’ असं मोघम लिहून पाठवतात. असा अहवाल देणं बंधनकारक होतं त्या दिवसापासूनही मुदत मोजता येते, पण ते ठरवणार कोण? कोर्टं यात पडत नाहीत. १९९९मध्ये कोसोव्होप्रकरणी अमेरिका आणि नाटोची ७८ दिवस बॉम्बफेक झाली. खासदार कोर्टात गेले, तर त्यांना दावा लावण्याचा हक्कच नाही असा निकाल आला. लिबियात तर ओबामा प्रशासन म्हणालं, जमिनीवर आपले सैनिक नाहीत, तेव्हा ही कायद्याच्या अर्थानं लढाईच नव्हे. विमानं बॉम्ब टाकत असताना असं म्हणणं कायद्याच्या हेतूलाच हरताळ फासणारं होतं.

नीरक्षीर:
आणखी एक गोष्ट. मूळ कायद्यात दोन्ही सभागृहांना साध्या बहुमतानं, राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय सैन्य परत बोलावता येत होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३च्या चढ्ढा निकालानं तो मार्ग बंद झाल्यात जमा आहे. (खटला युद्धाचा नव्हताच, जगदीश राय चढ्ढा या व्हिसा संपलेल्या विद्यार्थ्याच्या हद्दपारीचा होता.) सहीला न गेलेला ठराव बंधनकारक नाही, हे त्यातलं तत्त्व. आता ठराव सहीला जातो, राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरतात आणि तो मोडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं लागतात. २०१९मध्ये येमेनबाबत सिनेटमध्ये ५३-४५ झाले, २०२०मध्ये इराणबाबत ४९-४४. दोन्ही वेळा मतं कमी पडली. निक्सन यांचा नकाराधिकार मात्र १९७३मध्ये २८४-१३५ आणि ७५-१८ असा मोडला गेला, म्हणून तर हा कायदा झाला.

खरी ताकद तिजोरीत आहे. सरकार चालवायला लागणाऱ्या खर्चाच्या विधेयकांनाच अट जोडून काँग्रेसनं १५ ऑगस्ट १९७३पासून कंबोडियातल्या बॉम्बफेकीचा पैसा तोडला, आणि ती थांबली.

बातमीदार:
पत्रकारांबद्दल. हे अहवाल सहसा जाहीर होतात, पण इराणी सेनाधिकारी सुलेमानी यांच्यावरच्या अमेरिकी हल्ल्यानंतर जानेवारी २०२०मध्ये दिलेला अहवाल पूर्ण गोपनीय होता. अशा वेळी बातमी आतल्या माणसांकडूनच येते आणि त्याची किंमतही मोजावी लागते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात कंबोडियावर अमेरिकेची गुप्त बॉम्बफेक मार्च १९६९मध्ये सुरू झाली. ९ मे रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये विल्यम बीचर यांची बातमी आली, तर सरकारनं अधिकाऱ्यांचे आणि पत्रकारांचे फोन टॅप करायला सुरुवात केली. काँग्रेससमोर पूर्ण हिशेब आला थेट १९७३मध्ये. पुढच्या कारवाईच्या बातम्या वाचताना आधी अहवालाची तारीख बघा, मग त्यात ‘लढाई’ हा शब्द आहे की टाळलाय ते बघा, आणि खर्च कुठल्या विधेयकातून होतोय तेही.