असईच्या लढाईतल्या बंदुकीच्या गोळ्या: खऱ्या कशा ओळखायच्या?

रानवाट:
नमस्कार मंडळी. एका विक्रेत्याकडे असईच्या लढाईतल्या (१८०३, मराठे विरुद्ध इंग्रज) म्हणून बंदुकीच्या गोळ्या आहेत. एक पाहायला म्हणून घरी दिली. करडी, गोल गरगरीत, व्यास १७.५ मिमी, वजन २० ग्रॅम. सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. घ्यावी का?

सह्यवारा:
प्रमाणपत्र दिलंय कुणी? त्यानंच छापलं असेल तर लाडवाच्या पुडक्याला गुंडाळायला बरं.

जुना तोफखाना:
व्यास आणि वजन दोन्ही दिलंत, निम्मं काम झालं. या मापाची शिशाची गोळी ३१-३२ ग्रॅम भरते. कंपनीच्या पलटणींच्या ठासणीच्या बंदुकीची नळी पाऊण इंची, गोळी त्याहून जरा लहान, म्हणजे साधारण तुमच्याच मापाची. माप बरोबर जमवलंय, धातू चुकला. २० ग्रॅमवरून मला ते जस्त वाटतं. नख ओढून पाहा, शिशावर चरा उठतो.

दोनशे वर्षं काळ्या मातीत पडलेल्या शिशावर पांढुरका थर धरतो. साच्याच्या दोन पाळ्यांची शिवण, ओतल्यावर कापलेला देठ बहुतेकदा दिसतो. कशावर तरी आदळलेली गोळी चपटी, वेडीवाकडी. सगळ्याच गोल गरगरीत दाखवल्या तर मी तिथूनच उठतो. (तो थर विषारी असतो. हात धुवा, आणि खरी मिळाली तर घासूनपुसून चकचकीत करू नका.)

खरी निघाली तरी मी पहिलं विचारतो, कुठल्या शेतातली? २३ सप्टेंबरला इंग्रज सेनापती वेलस्ली केळणा नदी ओलांडून आला आणि केळणा-जुई या नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. ७४ वी हायलँडर पलटण असई गावाच्या अंगाला गेली आणि शिंद्यांच्या तोफांखाली चिरडली गेली. तिथल्या रानात तोफेचे लोखंडी छर्रे सापडले तर त्यांना अर्थ आहे. नुसत्या गोळीवरून बाजू कळत नाही, कारण शिंद्यांच्या कंपूंकडेही (कवायती पलटणींकडे) विलायती धर्तीच्या बंदुका होत्या. जागा हरवली की उरतं फक्त शिसं. म्हणून मी विकत घेत नाही. कुणी दाखवली तर गट नंबर, खोली आणि फोटो टिपून ठेवतो, वस्तू त्यांच्याकडेच.

कायदेबियदे:
रानवाट, एक बघून ठेवा. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरते, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. तो मागून बघा, चेहरा पाहण्यासारखा होईल.

रानवाट:
नखाचा चरा उठत नाही! त्याच्याकडे सहा पौंडी तोफेचा गोळाही आहे. तोही तसाच का?

जुना तोफखाना:
हिशेब तोच. सहा पौंडी गोळा साधारण साडेतीन इंच, पावणेतीन किलोच्या आसपास. दगड दळायच्या गिरणीतले पोलादी गोळे तोफेचे म्हणून सर्रास खपवतात. खरा गोळा बिडाचा (ओतीव लोखंडाचा); पोलाद बिडापेक्षा जड, म्हणून त्याच मापात दीड-दोनशे ग्रॅम जास्त भरतं. काटा घेऊनच जा.