अरल आटला, मग तिबेटची सरोवरे का वाढली?

प्रश्न: मध्य आशियातील अरल समुद्र 1960 नंतर आटत गेला, तिबेटच्या पठारावरील अनेक सरोवरे मात्र 1990च्या दशकाच्या मध्यापासून पसरत आहेत. दोन्ही प्रदेश कोरडे असताना हा फरक का पडावा?

प्रतिसाद 1: ज्या सरोवरातून नदी बाहेर पडत नाही, त्याची पातळी मुख्यतः आत येणारे पाणी आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबावर ठरते. अरलला पाणी देणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या नद्या सोव्हिएत काळात कापसाच्या शेतीसाठी कालव्यांत वळवल्या गेल्या. तिथे मुख्य दोष हवामानाचा नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

प्रतिसाद 2: सहमत आहे. तिबेटबाबत वितळत्या हिमनद्यांना सारे श्रेय देण्याचा मोह होतो, परंतु वाढीचा मोठा वाटा वाढलेल्या पावसाचा व हिमवृष्टीचा आहे. म्हणूनच हिमनद्यांचे पाणी न मिळणारी सरोवरेही तिथे विस्तारली. तिबेटमधील सिलिंग त्सो या सरोवराने तर क्षेत्रफळात तिथल्याच नाम त्सो सरोवराला मागे टाकले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अरल पुन्हा भरू शकेल का?

प्रतिसाद 1: उत्तरेकडचा लहान भाग काही अंशी भरला आहे, कारण 2005 मध्ये पूर्ण झालेल्या कोक-अरल बांधामुळे सिर दर्याचे पाणी तिथे अडते. दक्षिण भागात अमू दर्याचे पाणी क्वचितच पोहोचते.