मदत हवी आहे: विधानसभेतल्या एका दिवसाच्या कामकाजाचा क्रम

नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजात मुलांची अभिरूप विधानसभा घ्यायचं ठरलंय आणि संहिता लिहायचं काम माझ्याकडे आहे. मुलांना नुसती भाषणं ठोकायला लावायची नाहीयेत, आपल्या महाराष्ट्र विधानसभेत साधा दिवस जसा चालतो तसाच दाखवायचाय.

प्रश्नोत्तराचा तास मला बऱ्यापैकी कळलाय, म्हणजे तारांकित प्रश्नावर मंत्री तोंडी उत्तर देतात, मग उपप्रश्न येतात, मंत्री अडकतात ते तिथेच (मुलांना हाच भाग सगळ्यात आवडतोय!) आणि अतारांकितचं उत्तर लेखी मिळतं. त्यानंतर कागदपत्रं सभागृहासमोर ठेवणं, नियम ९७ चा स्थगन प्रस्ताव (ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा), नियम १०५ च्या लक्षवेधी सूचना (महत्त्वाच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या), औचित्याचे मुद्दे (सदस्य थोडक्यात मांडतात ते तातडीचे विषय), विधेयकं, आणि कधी नियम २९३ खालची सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची चर्चा, ही नावं माहीत आहेत पण रोजचा नेमका क्रम जुळवता येत नाहीये.

लक्षवेधीवर मंत्र्यांचं निवेदन झालं की सूचना देणाऱ्या सदस्यांनाच प्रश्न विचारता येतात की अध्यक्ष इतरांनाही परवानगी देतात? आणि आवाजी मतदानावर कुणी हरकत घेऊन पोल (म्हणजे मतविभागणी, प्रत्यक्ष मतमोजणी) मागितला तर अध्यक्ष नेमके कोणते शब्द वापरतात?

विधिमंडळात काम केलेलं किंवा प्रेस गॅलरीत बसून वार्तांकन केलेलं कुणी इथे असेल तर प्लीज सविस्तर सांगा, जुन्या दिवसाची कामकाज पत्रिका असेल तर फोटो टाका, खूप उपयोग होईल.