बाँडपटांचं संगीत: बॅरीभक्तांनो, आता पुरे!

दुर्बीण
जुने बाँडपट पुन्हा ओळीने बघितले, आता लिहूनच टाकतो. जॉन बॅरीचं संगीत म्हणजे शीर्षकगीताची चाल घ्यायची आणि पुढे चित्रपटभर तीच दळत बसायची. 'गोल्डफिंगर'मध्ये बाँड मायामीत असो की स्वित्झर्लंडच्या घाटात, वाजतं तेच. हाणामारी आली की ट्रंपेटं बोंबलतात, नायिका आली की व्हायोलिनं विरघळतात. याउलट 'स्कायफॉल' बघा. बाँडची वरिष्ठ एम चौकशी समितीसमोर कवी टेनिसनच्या ओळी म्हणतेय, खलनायक सिल्व्हा पोलिसाच्या वेशात तिच्याकडे निघालाय, बाँड रस्त्यावरून जीव तोडून पळतोय. त्या सगळ्याखाली थॉमस न्यूमनने जे हळूहळू चढवत नेलंय, तसं बॅरीच्या अकरा चित्रपटांत एकदा तरी दाखवा. माझा क्रम: न्यूमन, झिमर, अर्नोल्ड, मग बाकीचे. शिव्या खाली घालाव्यात.

मंद्रसप्तक
शिव्या घालत नाही, पण हे वाचून गप्पही बसवेना.

"तसं एकदा तरी दाखवा" म्हणताय, तर 'गोल्डफिंगर'च बघा, तुम्हीच नाव घेतलंत. बाँडला टेबलाला बांधलंय, लेझरचा किरण पायांमधून वर सरकतोय. तिथे शीर्षकगीत नाहीच. एक छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि दर खेपेला त्यावर एकेक थर चढतो. किरण जितका संथ, तितकंच संगीत संथ. त्याआधी १९६३ मध्ये, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये, आगगाडीच्या डब्यात बाँड आणि मारेकरी ग्रँटची मारामारी आहे. तिथे संगीतच नाही. फुटणाऱ्या काचा, धापा आणि रुळांचा आवाज. कुठे गप्प बसायचं हे बॅरीच्या चित्रपटांना कळत होतं. आजच्या बाँडपटात असा प्रसंग आला तर त्याखाली घुमणारे ढोल हमखास घालतील.

आता चाल "दळण्या"बद्दल. अहो, तोच तर मुद्दा आहे! शीर्षकगीत सुरुवातीला ऐकवायचं, मग तीच चाल कधी धमकी म्हणून, कधी ओढ म्हणून, कधी नुसत्या दोन सुरांत. 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस' (१९६९) मध्ये शीर्षकाला गाणंच नाही, वाद्यांवरची धून आहे. बाँड पिझ ग्लोरिया या खलनायकाच्या डोंगरमाथ्यावरच्या अड्ड्यातून बर्फात घसरत सुटतो तेव्हा तीच धून खालून मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या गुरगुरीसकट येते. मी हौशी ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. ती धून वाजवताना ओठ सोलवटून निघतात. "बोंबलतात" म्हणण्याआधी एकदा फुंकून बघा. बॅरी स्वतः ट्रंपेटवाला होता, उगाच नाही लिहिलंय ते.

आणि तुमचा न्यूमन. 'स्कायफॉल'चं गाणं अडेल आणि पॉल एपवर्थचं. त्याला ऑस्कर मिळालं, मिळायलाच हवं होतं. पण चित्रपटात ती चाल नीट कुठे ऐकू येते? मकाऊच्या कसिनोत बाँड होडीतून पोचतो तिथे. बस्स. बाकी सगळीकडे गाणं वेगळं आणि पार्श्वसंगीत वेगळं. पुढच्या 'स्पेक्टर'मध्ये तर 'स्कायफॉल'चेच तुकडे काढून परत लावलेत. दळण कोण दळतंय मग?

डेव्हिड अर्नोल्डला तिसरा ठेवलात हे त्याहून लागलं. 'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७) साठी त्याने के. डी. लँगकडून 'सरेंडर' गाऊन घेतलं, त्या चालीवर पार्श्वसंगीत बेतलं आणि निर्मात्यांनी शीर्षकाला शेरिल क्रो आणली. 'सरेंडर' गेलं शेवटच्या श्रेयनामावलीत, लोक उठून जात असताना. माझ्या मते नव्वदीतल्या बाँड संगीतावरचा हा सगळ्यात मोठा अन्याय.

रात्रपाळी
मंद्रसप्तक, शब्दाशब्दाला +१. फक्त बॅरीची एवढी आरती चालली आहे म्हणून विचारतो, त्या शिट्टीचं काय?

'द मॅन विथ द गोल्डन गन', १९७४. थायलंडमधला मोडका पूल, एएमसी हॉर्नेट गाडी, हवेत स्वतःभोवती पूर्ण गिरकी आणि पलीकडे चारी चाकांवर. गणित आधी संगणकावर मांडलेलं, प्रत्यक्षात एकाच फटक्यात साधलेलं. चित्रपटांतल्या गाड्यांच्या करामतींत याच्या तोडीचं फार थोडं आहे. आणि त्यावर बॅरीने काय वाजवलं? सर्कशीतला विदूषक घसरून पडताना वाजते ती सरकती शिट्टी! पीईईऊऊ!

माझ्या मुलाला मी मोठ्या कौतुकाने हा प्रसंग दाखवायला बसवलं. तो हसून हसून लोळला. "बाबा, कार्टून आहे का?" म्हणाला. एकाने जीव धोक्यात घालून मारलेली उडी पोराच्या लेखी विनोद ठरली. बॅरीला या एका गुन्ह्यासाठी कधीच माफी नाही.

खवचट खलाशी
अहो रात्रपाळी, त्या गाडीत बाँडच्या शेजारी बसलंय कोण? शेरीफ जे. डब्ल्यू. पेपर! अमेरिकेचा तो तंबाखू चघळणारा जाडा फौजदार थायलंडमध्ये सुट्टीवर आलाय आणि नेमका बाँडच्या गाडीत सापडलाय. अख्खा पाठलाग विनोदीच चाललाय. तिथे गंभीर ब्रास वाजवला असता तर तेच विचित्र वाटलं असतं. शिट्टी चपखल आहे. तुमच्या मुलाला तुमच्यापेक्षा चित्रपट जास्त कळला.

रात्रपाळी
घरच्यांवर यायचं कारण नाही. स्वतः बॅरीला नंतर त्या शिट्टीचा पश्चात्ताप झाला होता, त्याने मुलाखतींत सांगितलंय. आता बॅरीपेक्षाही तुम्हाला जास्त कळतं असं जाहीर करा म्हणजे झालं.

खवचट खलाशी
बनवणाऱ्याला पश्चात्ताप झाला म्हणजे चीज वाईट ठरत नाही. आणि शिट्टीने गाडी पलीकडे पोचायची थांबली नाही ना? आवाज बंद करून बघा की.

रात्रपाळी
संगीतावरच्या चर्चेत "आवाज बंद करून बघा" हा सल्ला! दंडवत.

कागदी घोडे
सगळे बॅरी बॅरी करताय. मूळ बाँड धून माँटी नॉर्मनची आहे, हे कुणाच्या गावी नाही. 'डॉ. नो' (१९६२) ला संगीत नॉर्मनचं. ती चाल त्याने व्ही. एस. नायपॉल यांच्या कादंबरीवरच्या, रंगमंचावर कधी न आलेल्या संगीतनाटकातून उचलली. मुळात ती भारतीय वळणाची, सतारीवर शोभेल अशी होती. बॅरीने वाद्यवृंद बांधला, विक फ्लिकने गिटार वाजवली. पुढे एका ब्रिटिश वृत्तपत्राने धून बॅरीचीच असं छापलं, तेव्हा नॉर्मन कोर्टात गेला आणि २००१ मध्ये जिंकला. ३०,००० पौंड भरपाई. तरी लोक अजून "बॅरीची बाँड धून" म्हणतात. हा विषय निघाला की माझं डोकं सटकतं.

मंद्रसप्तक
कोर्टाचा निकाल मान्य. नॉर्मनची चाल, बरं. आता गिटारचा तो करकरीत ठेका आणि मधला ब्रासचा भडका काढून उरलेली चाल गुणगुणून दाखवा, बघू कोण ओळखतं.

कागदी घोडे
हेच! हेच ते! निकाल मान्य पण श्रेय नाही.

सावली
मी जाहिरातपटांच्या संकलनात काम करते, म्हणून शिट्टीच्या भांडणात नाक खुपसते. कुठे काय वाजणार हे संगीतकार एकटा ठरवतो असं तुम्हाला का वाटतं? एकदा मी एका धावण्याच्या दृश्याखाली पूर्ण शांतता ठेवली होती. फक्त श्वास. ग्राहक म्हणाला, "इथे काहीतरी उत्साही टाका." टाकलं. आजही ती जाहिरात दिसली की मी चॅनल बदलते.

आणि बाँडपटांत उलटंही झालंय. 'गोल्डनआय' (१९९५) ला संगीत एरिक सेराचं. सेंट पीटर्सबर्गमध्ये बाँड रणगाडा घेऊन रस्ते फोडत जातो, त्याखालचं सेराचं काम बाजूला ठेवून जॉन ऑल्टमनकडून नवं करून घेतलं आणि त्यात बाँड धून वाजवली. ते दृश्य लोकांना का आठवतं? त्या बदलामुळेच. तेव्हा शिट्टीचा दोष एकट्या बॅरीवर नको. दिग्दर्शक गाय हॅमिल्टनने ऐकलीच असेल ना ती? चालवून घेतली.

शांततेचंच म्हणाल तर 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७). स्कीवरून कड्याबाहेर झेप, संगीत बंद, माणूस पडतोय, पडतोय, मग ब्रिटिश झेंड्याची हवाईछत्री उघडते आणि धून येते. ते बॅरीचं नाही बरं का, मार्विन हॅम्लिशचं आहे.

खवचट खलाशी
सावलीताई, म्हणजे शिट्टीचा गुन्हेगार हॅमिल्टन. रात्रपाळी, ऐकताय ना? चुकीच्या माणसाला फाशी देत होतात.

रात्रपाळी
दोघांनाही देतो. दोर भरपूर आहे.

दुर्बीण
धागा माझा, आणि चर्चा शिट्टीवर. असो.

मंद्रसप्तक, लेझरचं दृश्य पुन्हा पाहिलं. ठीक आहे, एक दिलं तुम्हाला. आता 'ऑन हर मॅजेस्टीज'चा शेवट घ्या, तुमचाच लाडका चित्रपट. ट्रेसी मेली, बाँड तिला कवेत घेऊन बसलाय, खाली त्यांच्या गाण्याची चाल मंद वाजतेय. काळजाला हात घालणारं. आणि पुढच्या क्षणी श्रेयनामावलीवर दणदणीत बाँड धून! बायको जाऊन अर्धं मिनिट झालं नाही आणि वाजंत्री सुरू. हे तुमचं "कुठे गप्प बसायचं ते कळत होतं"?

उलट झिमरने 'नो टाइम टू डाय' (२०२१) मध्ये त्याच गाण्याचं काय केलंय बघा. सुरुवातीला इटलीतल्या मातेराच्या रस्त्यावर ती चाल येते आणि शेवटी लुई आर्मस्ट्राँगचा मूळ आवाज. जे १९६९ ला करायला हवं होतं ते बावन्न वर्षांनी झालं.

मंद्रसप्तक
झिमरने सर्वांत भिडणारी जागा कुठून आणली? बॅरीकडून. तुमच्या यादीतल्या दोन नंबरच्या संगीतकाराचा हुकमी पत्ता तुमच्या शेवटच्या नंबरवाल्याचा निघाला. मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभार.

१९६९ च्या श्रेयनामावलीवरची धून मलाही खटकते. पण त्यामुळे न्यूमन वर जात नाही.

दुर्बीण
खटकते ना? मग एवढं लांब लिहिण्याआधी तेच लिहायचं होतं.

कागदी घोडे
ती दणदणीत धूनसुद्धा नॉर्मनचीच.

रात्रपाळी
विषयाला धरूनच विचारतो. 'ऑक्टोपसी'त उदयपूरमध्ये विजय अमृतराज गारुडी बनून पुंगीवर बाँड धून वाजवतो आणि बाँड ती ओळखतो. स्वतःच्याच चित्रपटाचं पार्श्वसंगीत! शिट्टी जर चपखल, तर हेही चपखलच म्हणाल?

खवचट खलाशी
शंभर टक्के. कागदी घोड्यांनी आत्ताच सांगितलं ना, चाल मुळात भारतीय वळणाची होती. घरी परत आली.

कागदी घोडे
पहिल्यांदाच कुणीतरी माझा प्रतिसाद वाचलाय. पण त्यासाठी पुंगी?

सावली
माझ्या मते त्या प्रसंगात पुंगी नव्हे, पुढे बाँड वेलीला लोंबकळून टारझनसारखी आरोळी ठोकतो ती जास्त वाईट आहे. त्या आरोळीवर कुणी बोलतच नाही.

रात्रपाळी
आरोळी! विसरलोच होतो. सावली, थांबा, त्यावर सविस्तर लिहितो.

दुर्बीण
नका लिहू.