मदत हवी आहे : व्हिनलँड सागाचा दुसरा सीझन पाचव्या भागावर रुतलाय, रेटू का सोडू?

काळीमाती (धागाकर्ता)

सध्या तीन जपानी अॅनिमे (कार्टून) सिरीज सोबतच बघायलोय. अपोथेकरी डायरीजचा पहिला सीझन, ११ भाग झाले, मस्त पळायलीय. फ्रीरेन, ७ भाग झाले, हळू आहे पण धरून ठेवते. आणि व्हिनलँड सागाचा दुसरा सीझन, २४ पैकी ५ भाग झाले आणि गाडी अशी रुतलीय की निघता निघंना. पहिल्या सीझनला जहाजं, तलवारी, बापाचा सूड, सगळं होतं. इथं पाच भागांत दोघं जण झाडं तोडायलेत. त्यातच पाचव्या भागात शेत सोडून एकदम इंग्लंडच्या राजाची भानगड.

रेटायचं तर कोणत्या भागापर्यंत थांबून ठरवू? आणि स्टुडिओ बदलला म्हणून असं झालंय का?

सोबत दोन तांत्रिक अडचणी. मोबाइलवर चित्र बरोबर दिसतं, पण ४३ इंची स्मार्ट टीव्हीवर तीच हाणामारी सासू-सुनेच्या सीरियलसारखी गुळगुळीत दिसते, तलवारीच्या कडेला धूसर पट्टा येतो. दुसरं, आवाज जपानी ठेवला की खालचं इंग्रजी जुळत नाही. पात्र "हं" म्हणतं आणि खाली दोन ओळी.

डेटा रोजचा दीड जीबी, लाइटीचा भरवसा नाही. पहिला सीझन पूर्ण झालाय, तिथपर्यंतचं बिनधास्त लिहा. पुढचं फोडू नका.

उस्मानाबादी_शेळी

सोडा. पाच भाग म्हणजे दोन तास, तेवढ्यात अख्खा पिक्चर संपतो. "पुढं भारी होते" असं ज्या सिरीजबद्दल सांगावं लागतं तिचं मागचं कच्चंच असतं. डॅनडाडॅन लावा, पहिला सीझन १२ भागांचा, सायन्स सारू स्टुडिओचं काम, पहिल्याच भागात भूत आणि एलियन दोन्ही हजर. कुणाला वाट बघायला लावत नाही.

गोदाकाठ

शेळीभाऊंचं अर्धं खरं आहे. पण तीन भाग बघून ठरवायचा नियम १२ भागांच्या सिरीजसाठी ठीक आहे, त्याला इथं लावू नका. जपानी टीव्हीचं वर्ष चार तिमाह्यांत वाटलेलं असतं : जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका तिमाहीला 'कूर' म्हणतात आणि त्यात १२-१३ भाग बसतात. १२ मधले ३ म्हणजे पाव गोष्ट. व्हिनलँडचा दुसरा सीझन जानेवारी ते जून २०२३, सलग दोन कूर चालला. इथं पाव म्हणजे ६ भाग, आणि तुम्ही ५ वर आहात.

शिवाय पहिल्या सीझनला मूळ मंगाची (जपानी कॉमिकची) प्रकरणं १ ते ५४ होती, त्यात चार-पाच वेगवेगळे टप्पे. दुसऱ्यात ५५ ते १०० हा एकच टप्पा आहे, शेताचा. एकाच गोष्टीला २४ भाग दिले की तिची पायाभरणीही लांबणारच.

स्टुडिओचा दोष नाही. पहिला सीझन विट स्टुडिओचा, दुसरा मापाचा, हे खरं. पण दिग्दर्शक दोन्हीला शुहेई याबुताच, पटकथा हिरोशी सेको, पात्ररेखाटन ताकाहिको आबिरू, संगीत युताका यामादा. माणसं तीच आहेत, फक्त पाटी बदलली. हळूपणा माकोतो युकिमुराच्या मूळ मंगातच आहे आणि तो मुद्दाम आहे.

ठरवायचं ते नवव्या भागाला. चार भाग उरले. प्रत्येकी २४ मिनिटं, त्यातलं ओपनिंग आणि एंडिंग दीड-दीड मिनिटाचं सोडलं तर २१. म्हणजे ८४ मिनिटं. सहावा आणि सातवा कधीही बघा, पण आठवा आणि नववा एका बैठकीत. आठव्यात जे घडतं त्याचा हिशोब नवव्यात होतो. मधे दोन दिवस गेले तर नववा भाग नुसता वाईट स्वप्नासारखा वाटेल. नवव्यानंतरही मन लागलं नाही तर खुशाल सोडा, कारण सिरीजला जे म्हणायचंय ते तिथं स्वच्छ म्हणून झालेलं असतं. तिथून पुढचे १५ भाग ते म्हणणं निभावून नेण्याचे आहेत.

आता झाडं तोडण्याचं. हा भाग मराठवाड्यातल्या माणसाला कंटाळवाणा वाटावा याचंच नवल! नीट बघा, शेताचा मालक केतिल यानं थोरफिन (आपला नायक) आणि एइनार या दोघांना काय देऊ केलंय. हे जंगल साफ करा, जमीन वहितीखाली आणा, गहू पिकवा, गहू मलाच विका, आणि त्या पैशातून स्वतःची किंमत फेडून मोकळे व्हा. आपल्याकडचा सालगडी पाडव्याला उचल घेतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत बांधला जातो. उचल फिटली नाही की पुढचं सालही त्याच वाड्यावर. थोरफिन आणि एइनार तर विकत घेतलेले गुलाम, त्यांच्या अंगावर उचल नाही, त्यांची अख्खी किंमतच आहे. पण फेडायची रीत ओळखीची वाटंल. केतिल स्वभावानं बरा मालक आहे आणि तरीही मालकच आहे. ही गोम लक्षात ठेवा, पुढं कामाला येते.

खुंटाचा प्रसंग परत बघा. झाड पाडणं सोपं, एक दिवसाचं काम. खोड खाली आलं तरी जमिनीत खुंट राहतो आणि खुंट असेपर्यंत नांगर चालत नाही. म्हणून भोवतीनं उकरायचं, मुळ्या उघड्या करायच्या, एकेक मुळी कुऱ्हाडीनं तोडायची, मग ओढून काढायचा. दोन माणसांच्या अंगातल्या जोरावर हे किती दिवसांनी होईल याचा अंदाज तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. सहाव्या भागाचा सगळा पेच एवढाच आहे की जनावर पाहिजे आणि केतिलची गडीमाणसं ते द्यायला तयार नाहीत. मग ज्याच्याकडं घोडा आणि नांगर आहे त्याच्या घरचं काम करून द्यायचं आणि बदल्यात ते वापरायचं. आपल्याकडं बैलाच्या बदल्यात मजुरी देतात, तसंच.

यात एइनार मुळातला शेतकरी आहे, थोरफिनला मारामारीशिवाय काही येत नाही. तो झोपेतून ओरडत उठतो आणि काय स्वप्न पडलं ते त्याला आठवत नाही, हे दर वेळी लक्षात ठेवत जा. पाचव्या भागातला राजा क्नूट उगाच घुसवलेला नाही. दोन धागे वेगळे चालतात, पुढं गाठ पडते. यापेक्षा जास्त सांगत नाही.

एक खबरदारी. थोरफिनचं किंवा क्नूटचं नाव गुगल करू नका. क्नूट खरा राजा होता, १०१६ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला. थोरफिन कार्लसेफ्नी हे नाव आइसलँडच्या जुन्या सागांमध्ये (कथांमध्ये) आहे. पहिल्याच परिच्छेदात पुढची गोष्ट फुटते.

आणि १.२५ पटीनं बघत असाल तर ते बंद करा. या सीझनमध्ये गप्प बसण्याला वजन आहे. पळवलं की गप्प बसणं उरतच नाही, नुसतं झाडतोडणं उरतं.

फ्रेम_मोजणारा

टीव्हीचं सांगतो. बिघाड नाही, सेटिंग आहे. अॅनिमे सेकंदाला २४ फ्रेम चालतो, पण प्रत्येक फ्रेमला नवं चित्र नसतं. बहुतेक वेळा एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. त्या तुटकपणातच फटक्याचा जोर असतो. टीव्ही मात्र दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच्या मनानं बनवून भरतो. तलवार एका चित्रात डावीकडं, दुसऱ्यात एकदम उजवीकडं. मधे काय होतं ते टीव्हीला माहीत नाही, म्हणून तो दोन्ही मिसळून पुसट पट्टा काढतो. तुम्हाला दिसतोय तो हाच.

चित्राच्या सेटिंगमध्ये जा. सॅमसंगला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीला ट्रूमोशन, सोनीला मोशनफ्लो, बाकी बऱ्याच टीव्हींना एमईएमसी. ते पूर्ण बंद करा, 'लो' वर ठेवू नका. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. सोबत शार्पनेस कमी करा, नाहीतर रेघांच्या कडेला पांढरी किनार येते.

सबटायटलचं कारण वेगळं. यादीत बहुतेक दोन इंग्रजी दिसत असतील, एक नुसतं 'इंग्लिश' आणि एक 'इंग्लिश सीसी'. सीसी हे इंग्रजी डबिंगचे संवाद जसेच्या तसे लिहिलेले असतात आणि डबिंगची वाक्यं ओठांच्या हालचालीला बसवून बदललेली असतात. जपानी आवाजासोबत साधं 'इंग्लिश' निवडा. दार वाजलं, घोडा खिंकाळला असं कंसात लिहून येत असेल तर तुम्ही सीसीवर आहात असं समजा.

काळीमाती

सबटायटल जुळलं, सीसीच लागलेलं होतं. टीव्हीचं अर्धंच झालं. टीव्हीतल्या अॅपवर लावलं की चित्र ठीक, पण एचडीएमआयला लावलेल्या स्टिकवरून बघितलं की परत तेच गुळगुळीत.

फ्रेम_मोजणारा

बरेच टीव्ही प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी साठवतात. स्टिक चालू असताना, त्याच एचडीएमआयवर राहून, परत तेच बंद करा. 'सर्व इनपुटला लागू करा' असा पर्याय असला तर तो दाबा. टीव्हीचा मोड बदलला, म्हणजे स्टँडर्डवरून व्हिव्हिडवर गेलात, तरी ते परत चालू होऊ शकतं. घरात क्रिकेटसाठी कुणी मोड बदलत असेल तर हे दर रविवारी होणार.

लातूर_पॅटर्न

डेटाचं गणित अगदी टाइमटेबलसारखं मांडतो, नावाला जागायला नको का! साध्या दर्जाच्या व्हिडिओला १ एमबीपीएस धरा, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट; असे ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी. २४ मिनिटं म्हणजे १४४० सेकंद, ८ नं भागलं की १८० एमबी. दीड जीबीत आठ भाग बसतात. उरलेल्या १९ भागांना साडेतीन जीबीच्या आत-बाहेर. पण अॅप स्वतःहून दर्जा वाढवतं, फुल एचडीला हेच तिप्पट-चौपट होतं. म्हणून डाउनलोडचा दर्जा आधी सेटिंगमध्ये ठरवून ठेवा, ऐनवेळी नाही.

रोजचा कोटा रात्री १२ ला नव्यानं सुरू होतो आणि उरलेला वाया जातो. तेव्हा साडेअकराला जे उरलंय त्यात डाउनलोड लावून टाका. लाइट गेली तरी मोबाइलवर चालतं. काही डाउनलोडना मुदत असते, पहिल्यांदा प्ले केल्यावर दोन दिवसांत उडतात, त्यामुळं उघडून अर्धवट सोडू नका.

फ्रीरेनबद्दल, विचारलं नाही तरी. पहिले चार भाग जपानात २९ सप्टेंबर २०२३ ला एकत्र, पिक्चरसारखे दाखवले होते. त्यानंतरचे भाग बऱ्यापैकी सुटे आहेत, रोज एकच बघितला तर जास्त मुरतो. अठराव्यापासून परीक्षेचा टप्पा लागतो आणि चाल एकदम बदलते, तिथून सलग बघा. तीन हळू-मध्यम सिरीज एकदम चालवण्यापेक्षा व्हिनलँड आठवड्याला दोन बैठका आणि फ्रीरेन रोज एक, असं करा. अपोथेकरी पळतेच आहे, तिला हात लावू नका.

काळीमाती

हे जमंल. अजून एक : नव्या सिरीजच्या जपानी वेळापत्रकात 'शुक्रवार २५:३०' असं लिहिलेलं दिसलं. छपाईची चूक का?

लातूर_पॅटर्न

चूक नाही. रात्री उशिराचे कार्यक्रम ते आधीच्याच दिवसात मोजतात. २५:३० म्हणजे शनिवारी पहाटेचे १:३०. जपान आपल्यापुढं साडेतीन तास, म्हणजे आपल्याकडं शुक्रवारी रात्रीचे १०. सोपं करायचं तर लिहिलेल्या आकड्यातून साडेतीन वजा करा; उत्तर २४ च्या आत आलं तर वार तोच. मात्र ही टीव्हीची वेळ झाली. अॅपवर भाग अर्धा-एक तास उशिरा, कधी त्याहून उशिरा येतो, ते अॅपच्याच पानावर बघा.

उस्मानाबादी_शेळी

एवढी शेतीच बघायची असंल तर सिल्व्हर स्पून बघा की. २०१३-१४ चं, दोन सीझन मिळून २२ भाग, होक्काइदोच्या शेतकी शाळेतलं. फुलमेटल अल्केमिस्टवाल्या हिरोमु अराकावाचीच मंगा, आणि बाई स्वतः होक्काइदोच्या डेअरीवाल्या घरातल्या. डुकराच्या पिलाला नाव ठेवायचं का नाही यावर अख्खे भाग आहेत आणि तरी पळतं. व्हिनलँडचा नववा मी परत बघीन, पण मत बदलंल असं नाही.

गोदाकाठ

बदलू नका, फक्त आठवा सोडून थेट नववा लावू नका. काळीमाती, तुम्हालाही तेच. आठवा उघडायच्या आधी नववा पूर्ण उतरलाय का ते बघून घ्या.