‘जोडी’ की ‘समतुल्य गट’?

बी.एड.ची विद्यार्थिनी, वाशिम : गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीच्या मुलांवर वाचनाचा प्रयोग करायचा आहे : काहींना नव्या पद्धतीनं, काहींना नेहमीच्या पद्धतीनं शिकवून तुलना करायची. मार्गदर्शक म्हणाले, ‘मुलांच्या जोड्या लावून घे.’ पुस्तकात मात्र ‘समतुल्य गट’ आहे. अर्थ एकच ना?

निवृत्त गुरुजी, दारव्हा : नाही ताई. समतुल्य गटांत दोन्हीकडची सरासरी जुळली की भागतं. एकीकडे दोन हुशार, दोन कच्ची. दुसरीकडे चारही मधली, तरी सरासरी तीच. जोडीत पोरासमोर पोर लावावं लागतं. पूर्वचाचणीत १८ गुणवाल्यासमोर १८-१९ वाला, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्यासमोर तशाच घरचा. उंची-वजन जुळवत बसू नका, वाचनाशी त्याचा काय संबंध? मग प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाकायची, कोण नव्या पद्धतीनं शिकेल आणि कोण नेहमीच्या. ही निवड शिक्षकावर सोडू नये. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरला वीस हजार मुलांवर दुधाचा प्रयोग झाला, त्यात अशक्त पोरांची कीव येऊन शिक्षकांनी त्यांनाच दूध मिळेल असं पाहिलं. झालं, तुलनाच बिघडली. ‘स्टुडंट’ या नावानं लिहिणाऱ्या गॉसेट या संख्याशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये सुनावलं की, यापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या भरवशाच्या ठरल्या असत्या.

शेतकरी, अंजनगाव : गुरुजी, आमच्याकडं जोडी म्हनलं का बैलंच डोळ्यापुढं येतात. दात, उंची, चाल पाहून जुळवतो ते एका जुवाखाली जुंपासाठी. तुमची पोरं तं दोन वाटेनं जातात. मंग जोडी काहून म्हनता?

निवृत्त गुरुजी : शंका रास्त आहे, भाऊ. म्हणून मी ‘जोडीदार’ लिहीत नाही. वाचणाऱ्याला वाटतं पोरं शेजारी बसून वाचतात. ‘जोड’ बरा. ‘याला जोड नाही’ म्हणतो तेव्हा बरोबरीचा दुसरा नाही, एवढंच म्हणायचं असतं. इथंही तेवढंच हवं.

विद्यार्थिनी : मग अहवालात ‘समतुल्य जोड’ लिहू? आणि एखादं पोर मध्येच शाळेतून गेलं तर?

निवृत्त गुरुजी : लिहा. पोर गेलं तर त्याची जोडही हिशेबातून जाते, कारण आपण जोडीतल्या दोघांच्या गुणांमधला फरक मोजतो. दिवाळीनंतर कापूस वेचायला किंवा मायबापाबरोबर बाहेरगावी किती पोरं जातात ते हजेरीपटावर आधी पाहा, आणि दोन-चार जोड्या जास्तीच्या धरा.